गल्ल्यावर कोण बसणार?

दिवाळी तोंडावर आली असताना एक पंचविशीतला तरुण माझ्या कचेरीत आला. कोल्हापुरातल्या चर्मकार वस्तीतला. आजोबांनी कोल्हापुरी चप्पल केली, वडिलांनी केली, वडील गेल्यावर आता आई करते. हा मात्र बी.कॉम. झालेला. नोकरी मिळाली नाही म्हणून त्याने एका मोठ्या ऑनलाईन बाजारपेठेवर चपलांचे दुकान उघडले. सहा महिन्यांत बऱ्यापैकी जोड खपले. पण पासबुक पाहिले तर हाती काही उरले नव्हते. कंपनीने आपले पैसे खाल्ले, असे त्याचे म्हणणे. “वकीलसाहेब, नोटीस काढा त्यांना,” असे म्हणत त्याने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला.

गठ्ठा घरी नेला आणि दोन रात्री वाचला. कमिशन, ठरावीक शुल्क, वाहतूक खर्च, वजनातला फरक, परत आलेल्या मालाचा खर्च अशा नावांनी पैसे कापलेले. त्यातला मोठा भाग करारात लिहिलेला होता. करार वाचला होतास का, असे विचारले तर म्हणाला, “खाली ‘मान्य आहे’ असं असतंय ना साहेब, ते दाबलं.” आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला, कारण त्यांना वाचता येत नव्हते. आपण पदवी घेऊन अंगठा उठवतो, एवढाच फरक. अंगठा आता काचेवर उठतो.

त्याच गठ्ठ्यात आठ हजार रुपयांची एक पावती होती. ऑनलाईन विक्री कौशल्याचा कोर्स, पंधरा दिवसांचा. काय शिकवले म्हणून विचारले. गिऱ्हाईकाला विचार करायला वेळ द्यायचा नाही, ‘फक्त दोनच जोड शिल्लक’ असे लिहायचे, ‘सूट आज रात्री बारापर्यंत’ असे रोज लिहायचे, मित्रांकडून पाच चांदण्यांचे अभिप्राय लिहून घ्यायचे. आणि हो, इंग्रजीत बोलायचे. एवढ्यासाठी आठ हजार. त्या पैशात गाईच्या कातड्याची किती खरेदी झाली असती, हे त्याची आई मला सांगू शकली असती.

या तरुणाची चेष्टा करावी म्हणून हे लिहीत नाही. तो धडपडतो आहे, आणि त्याने घेतलेले धाडस आपल्या समाजात फार थोडे घेतात. पण त्याच्या गठ्ठ्यात मला आपल्या सगळ्यांची एक जुनी उणीव दिसली. वस्तू करणे आपल्याकडे होते. चामडे आपण कमावले, चप्पल आपण शिवली, टोपली आपण विणली, दोर आपण वळला. विकणे मात्र दुसऱ्याकडे राहिले. रापी आणि आरी आपल्या हातात, गल्ला दुसऱ्याच्या. आणि जो गिऱ्हाईकाशी बोलतो तोच भाव ठरवतो.

कोल्हापुरी चपलेचेच पाहा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, हाताने कापलेला तळ, बाजूचे कान, वेणी, पट्टा, हवा तर गोंडा. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. मानांकनाची नोंद दोन सरकारी महामंडळांच्या नावे आहे, महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर. कागदावर सगळे उत्तम. पण करणारा कारागीर डझनाच्या भावाने दुकानदाराला माल देतो, दुकानदार जोडाच्या भावाने विकतो. उचल घेतलेली असेल तर डझनाचा भावही कारागिराच्या हातात राहत नाही.

जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीच्या कार्यक्रमात अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल घालून पुरुष मॉडेल चालले, आणि कंपनीने तिला नुसते ‘चामडी सँडल’ म्हटले. मोठा गदारोळ झाला. मग कंपनीने या पादत्राणामागे भारतीय कारागिरांची परंपरा असल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण मानांकनाचा नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतो, तिऱ्हाइताला त्यात पडण्याचे कारण नाही, असे न्यायालयाला वाटले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला आणि इथे बनवलेले सुमारे दोन हजार जोड प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर केले. आपल्या पोरांनी त्या वेळी समाजमाध्यमांवर खूप संताप व्यक्त केला. संताप रास्त होता. पण त्यातल्या किती जणांनी आपल्या आईने केलेला एक जोड थेट गिऱ्हाईकाला विकून पाहिला होता? इटलीच्या कंपनीने नाव घेतले नाही हे आपल्याला खुपले. चप्पल लाईनमधल्या दुकानात तरी कारागिराचे नाव कुठे लिहिलेले असते?

आपण विक्रीत मागे का, याचे उत्तर ‘आपल्या रक्तात धंदा नाही’ असे कोणी देऊ लागला तर त्याला इतिहास वाचायला सांगा. परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी कचेरी काढली होती. अर्थशास्त्राचे एवढे शिक्षण घेतलेला माणूस त्या बाजारात दुसरा कोण होता? तरी कचेरी बंद पडली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला. म्हणजे माल उत्तम, माणूस उत्तम, पैसेही रोख, आणि तरी बाजाराचे दार बंद. कौशल्य अंगी येते ते वापरून वापरून. ज्याला बाजारात उभेच राहू दिले नाही त्याला ते येणार कुठून?

याच कोल्हापुरात उलट उदाहरणही आहे. संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली, आणि ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभे राहिले. पण नुसते भांडवल दिले असते तर ते हॉटेल चार दिवसांत बंद पडले असते. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराजांनी तिथे गाडी थांबवून स्वतः सर्वांदेखत चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या दुकानाला मिळालेला तो पहिला पाच चांदण्यांचा अभिप्राय. तो खोटा लिहून घेतलेला नव्हता.

ऑनलाईन बाजारात गिऱ्हाईक तुमची वस्ती पाहत नाही, तुमच्या उंबऱ्यावर पाऊल टाकायला कचरत नाही. हा बदल मोठा आहे आणि तो आपण वापरला पाहिजे, म्हणूनच हा लेख. जात तिथून नाहीशी झाली आहे असे मात्र कोणी समजू नये. यूपीआयने पैसे पाठवताना पडद्यावर पूर्ण नाव येते. त्या तरुणाला एका बाईंनी सगळा सौदा ठरल्यावर, पैसे पाठवायच्या वेळी विचारले होते, “तुम्ही कोण?” आणि मग ऑर्डर आलीच नाही. ३० डिसेंबर २०१६ रोजी सरकारने यूपीआयचे स्वतःचे ॲप आणले, त्याचे नाव बाबासाहेबांवरून ‘भीम’ ठेवले. ज्यांची सल्लागार कचेरी नाव कळल्यामुळे बंद पडली, त्यांच्याच नावाचे ॲप आज गिऱ्हाईकाला विक्रेत्याचे आडनाव दाखवते.

असो. मी पुढच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. आई दारात बसून वेणी घालत होती. मी त्यांना मावशी म्हणतो. बोलता बोलता कळले की नवरा असताना त्या दर आठवड्याला बाजारात चपला घेऊन बसायच्या, आणि त्यांच्याकडचे जोड संध्याकाळपर्यंत संपायचे. मी विचारले, तुम्ही काय करायचात? त्या हसल्या. “काय करायचं? आधी पाय बघायचा. पाय बघितल्याबिगर चप्पल द्यायची कशी? पाय रुंद आसंल तर मी सांगायची, ही नगं, ही अंगठ्याला चावंल. शेतावरचा आसंल तर जाड तळाची. लगनाचा आसंल तर कापशी. आणि पावसात घालू नगंस म्हणून सांगायचं, न्हाईतर म्हायन्यानं शिव्या द्यायला येतंय.”

आठ हजार रुपयांचा कोर्स ज्याने केला त्याला हे माहीत नव्हते, आणि त्याची आई दारात बसलेली होती!

मावशींच्या त्या चार वाक्यांत विक्रीचे सगळे शास्त्र आहे. गिऱ्हाईकाला काय हवे ते विचारा. त्याला न लागणारी वस्तू गळ्यात मारू नका. दोष आधी सांगा. विकल्यानंतर काय होईल याची काळजी विकतानाच घ्या. हे फोनवर कसे न्यायचे, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावर आम्ही तिघांनी त्या दिवशी दुपारभर डोके चालवले.

आधी हिशेब. आपल्याकडे ‘किती खपले’ हे सांगतात, ‘किती उरले’ हे कोणी सांगत नाही. समजा, जोड एक हजार रुपयांना विकला. कातडे, दोरा वगैरे चारशे. मावशींची मजुरी अडीचशे (ती आधी धरलेलीच नव्हती, घरातल्या बाईचे श्रम फुकट धरायची सवय आपल्याकडेही आहे). खोके तीस, बाजारपेठेचे कमिशन आणि इतर शुल्क दीडशे, कुरिअर नव्वद. झाले नऊशे वीस. उरले ऐंशी. आता दहा जोडांपैकी दोन परत आले तर? परत येणाऱ्या प्रत्येक जोडाला जायचे नव्वद, यायचे नव्वद, खोक्याचे तीस, असे दोनशे दहा रुपये पडतात. आठ जोडांचे सहाशे चाळीस मिळाले, त्यातून चारशे वीस गेले, हाती राहिले दोनशे वीस. तेच दहांत एकच जोड परत आला तर नऊ जोडांचे सातशे वीस, वजा दोनशे दहा, उरतात पाचशे दहा. एक जोडही जास्त न करता, फक्त एक परतावा कमी झाल्याने दुपटीहून जास्त कमाई. त्यामुळे विक्रीकौशल्य म्हणजे दहांऐवजी वीस जोड खपवणे, हा कोर्सवाल्याचा धडा या धंद्याला लागूच पडत नाही. इथे कौशल्य आहे ते योग्य पायात योग्य चप्पल घालण्याचे.

मग पाय पाहायचा कसा? मावशींनीच तोडगा काढला. गिऱ्हाईकाने कोऱ्या कागदावर पाय ठेवून पेन्सिलने भोवती रेघ ओढायची, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवायचा. पोराला वाटत होते, एवढे कोण करणार? पण जो करतो तो परत पाठवत नाही. बाजारपेठेवर अशी सोय नसते, तिथे सेंटिमीटरचा तक्ता वर्णनात पहिल्यांदा टाकायचा, आठ आणि नऊ नंबरच्या भरवशावर राहायचे नाही. रुंद पायाच्या माणसाने एक माप मोठे घ्यावे, हेही तिथेच लिहायचे.

फोटो खिडकीशी, उजेडात पण थेट उन्हात नव्हे, साध्या पांढऱ्या कापडावर काढायचा. वरून एक, तळाचा एक, शिवण दिसेल असा जवळून एक आणि पायात घातलेला एक. फोनमधले रंग चकचकीत करणारे बटण दाबायचे नाही, कारण गिऱ्हाईक तो रंग पाहून मागवते आणि हा रंग पाहून परत पाठवते. साल-हिरड्याने कमावलेले कातडे तेलाने आणि वापराने गडद होत जाते, दोन जोड तंतोतंत सारखे नसतात, हे आधीच लिहून टाकले की तक्रारीचे कारणच उरत नाही. वर्णन मराठीत असले तरी चालते. पुण्या-मुंबईतले, बंगळुरातले मराठी गिऱ्हाईक ‘कापशी’ हा शब्द वाचून थांबते. ‘प्रीमियम एथनिक फुटवेअर’ वाचून पुढे जाते, कारण तसे लिहिणारे हजारो आहेत.

२०१८ साली आलेले व्हॉट्सॲप बिझनेस त्याच्या फोनमध्ये होते, पण त्यात वस्तूंची यादी भरलेली नव्हती. ती भरली. विचारणा आली की आई बोलून निरोप पाठवते. लोकांना तो आवाज ऐकून विश्वास वाटतो. गिऱ्हाईकाची पायाची मापे एका वहीत नावासकट लिहून ठेवायची. पुढच्या लग्नसराईत त्यालाच पुन्हा विचारता येते, आणि एकदा आलेले गिऱ्हाईक पुन्हा आणायला कमिशन पडत नाही. एक सावधगिरी मात्र मी वकील म्हणून सांगितली. बाजारपेठेवरून गेलेल्या खोक्यात स्वतःचा नंबर लिहिलेली चिठ्ठी टाकायची नाही. बहुतेक करारांत त्याला मनाई असते, आणि तेवढ्या कारणावरून दुकान बंद होऊ शकते.

खोक्याचीही गंमत सांगतो. ‘वजनातला फरक’ म्हणून कापलेले पैसे पाहून हा भडकला होता. चप्पल किलोभराचीही नाही आणि भाडे चार किलोचे! कुरिअरवाले बहुधा खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, पाच हजाराने भागतात आणि येईल ते किलो धरतात. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांतले जास्त असेल ते लावतात. याने बाजारातून स्वस्तात मिळाली म्हणून चाळीस बाय तीस बाय पंधराची खोकी आणली होती. गुणा : अठरा हजार. भागिले पाच हजार, साडेतीन किलोच्या वर. बत्तीस बाय वीस बाय दहाचे खोके घेतले असते तर सव्वा किलोच्या आसपास काम झाले असते. स्वस्त खोके इतके महाग पडले.

अंगुत्तर निकायात पापणिक सुत्त म्हणून एक छोटे सुत्त आहे. पापणिक म्हणजे दुकानदार. भगवान बुद्धांनी भिक्खूंना साधनेचा उपदेश करताना दुकानदाराचा दृष्टांत दिला आहे. चांगल्या दुकानदाराचे तीन गुण त्यात येतात. तो डोळस असतो, म्हणजे माल कितीला घेतला, कितीला विकला, मूळ भांडवल किती आणि नफा किती हे त्याला दिसते. तो ‘विधुर’ असतो. मराठीतला विधुर नव्हे, पाली भाषेत त्याचा अर्थ कुशल, खरेदी-विक्रीत हुशार. आणि त्याला आधार असतो, म्हणजे सधन लोक त्याची पत ओळखून भांडवल देतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उपदेशात हिशेब पहिला आला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्यापैकी कित्येक जण धंदा म्हणजे लबाडी, आपले ते काम नव्हे, असे मानून नोकरीची वाट पाहत बसतात. सम्यक आजीविका सांगणाऱ्या बुद्धांनी शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला. चपला त्यात नाहीत.

आता त्या कोर्सच्या शिकवणीबद्दल कायदा काय म्हणतो ते सांगितले पाहिजे, कारण ही शिकवण आज गल्लोगल्ली विकली जाते. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिणे मना आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत अशा तेरा प्रकारांची यादी आहे आणि खोटी घाई हा त्यातलाच एक. शिल्लक पन्नास जोड असताना ‘दोनच उरले’ लिहिणे त्यात बसते. ही तत्त्वे विक्रेत्यालाही लागू आहेत, मोठ्या कंपनीलाच नव्हे. म्हणजे आठ हजार देऊन या पोराने बेकायदा गोष्टी शिकून घेतल्या! बड्या कंपन्या दंड भरून मोकळ्या होतात. आपल्या पोराला एक नोटीस आली तरी घर हादरते.

शिकायचेच असेल तर फुकटात किंवा थोडक्यात शिकता येते. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग असतात. २०१६ साली सुरू झालेला राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब प्रशिक्षणासाठीही आहे. ‘स्वयम्’वर विपणनाचे अभ्यासक्रम मिळतात. सप्टेंबर २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत चर्मकार आहे, प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तिची रचना आहे. योजनेच्या नावावरून आपल्यात मतभेद असतील, माझेही आहेत. पण पैसा करदात्यांचा आहे आणि चर्मकाराचा त्यावर हक्क आहे. नावावर रुसून हक्क सोडण्यात मला शहाणपण दिसत नाही.

कागदपत्रांबद्दल दोन गोष्टी. जीएसटीच्या धास्तीने पुष्कळ जण ऑनलाईन येतच नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून, वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असलेल्या आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न घेताही अशा बाजारपेठेवर विकता येते. पॅन देऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्याच बाजारपेठेवरून राज्याबाहेर विकायचे तर नोंदणी लागते. दुसरे, दुकानदाराला उधारीवर माल देणाऱ्यांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ‘सणानंतर बघू’ म्हणणाऱ्या दुकानदाराला हे कलम वाचून दाखवा. भांडायचे नसले तरी दाखवा.

राहिली नावाची गोष्ट. पोराने दुकानाचे नाव एकदम इंग्रजी, गुळगुळीत ठेवले होते. आई म्हणाली, “आपलं नाव का न्हाई लावलं?” तो गप्प राहिला. त्या ‘तुम्ही कोण’ विचारणाऱ्या बाईंची गोष्ट त्याने आईला सांगितलेली नव्हती. नाव लपवणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. मार खाणारा तो असतो, लेख लिहिणारा मी. चालू खाते दुकानाच्या नावाने काढले की पैसे देताना तेच नाव दिसते, आणि त्यात काही गैर नाही. बडे व्यापारीही तेच करतात. पण या एका वस्तूपुरते माझे मत वेगळे आहे. कोल्हापुरीची किंमत करणाऱ्याच्या हाताला आहे. प्राडाच्या प्रकरणात सारे जग त्याच एका गोष्टीवर बोलत होते, कारागीर कोण? रेक्झिनच्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणारे शेकडो विक्रेते ऑनलाईन आहेत. त्यांच्याकडे नसलेली एकच गोष्ट आपल्याकडे आहे, ती म्हणजे दारात बसून वेणी घालणारी आई. तिचा फोटो लावायचा नाही, तर मग लावायचा कोणाचा?

आणि इथे कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो वापरणारे थोडे. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यात मानांकनाचा मालक वेगळा आणि ‘अधिकृत वापरकर्ता’ वेगळा. प्रत्यक्ष उत्पादन करणारा कोणीही चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अर्ज करून अधिकृत वापरकर्ता होऊ शकतो. तसे झाले की मानांकनाचा वापर आणि उल्लंघनाविरुद्ध दाद हे दोन्ही त्याच्या हातात येते. खोटे मानांकन लावणाऱ्याला या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २०२५ मध्ये आपल्या महामंडळाने अस्सल जोडांसाठी क्यूआर कोडही आणला. फोन धरला की कारागिराची माहिती दिसते. म्हणजे ऑनलाईन विकताना ‘अस्सल’ हा शब्द नुसता लिहायचा नाही, दाखवायचा. विक्रीत याहून मोठे वाक्य नाही.

नोटीस मी काढली नाही. करारातल्या तक्रारीच्या कलमाप्रमाणे साधे पत्र लिहिले. परत आलेल्या चार खोक्यांत त्याच्या चपलाच नव्हत्या, कोणीतरी जुने फाटके जोड भरून पाठवले होते. त्यातल्या दोन खोक्यांचा उघडतानाचा व्हिडिओ त्याने काढून ठेवला होता; त्यांचे पैसे परत मिळाले. ज्यांचा व्हिडिओ नव्हता, त्यांचे मिळाले नाहीत. आता माल भरताना आणि परत आलेला उघडताना तो व्हिडिओ काढतो, पत्ता लिहिलेली चिठ्ठी दिसेल असा.

परवा तो पुन्हा आला होता, अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज भरायला. अर्जदार म्हणून स्वतःचे नाव घालून आणले होते. मी विचारले, “चप्पल तू करतोस?” नाही म्हणाला. “मग अर्ज आईच्या नावाने कर. उत्पादक त्या आहेत.” तो जरा घुटमळला. दुकान त्याच्या नावाने, खाते त्याच्या नावाने, हे एवढे आईच्या नावाने केले तर पुढे अडचण तर येणार नाही ना, असे त्याला वाटत असावे. मीही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात जायच्या आधी तो दारात उभा होता, हातात आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो.